आत्मा एंजलचा, सवयी डेमनच्या: मग अ‍ॅनिमे कोणता बघू?

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले, की तुमचा स्वभाव कुठल्या देवदूताशी नाहीतर सैतानाशी जुळतो ते कळवा, त्यावरून मी तुमच्यासाठी अ‍ॅनिमे शोधते. झालं. पत्रांचा ढीग. बऱ्याच जणांनी कुठलीतरी क्विझ देऊन तिचा रिझल्ट जसाच्या तसा पाठवलाय आणि उरलेल्यांनी घरच्यांच्या तक्रारी केल्यात. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्या पत्रांमुळे मला स्वतःला पुस्तकं उघडून बसावं लागलं तीच घेतलीयेत. माझा नियम आधीच सांगते: मी पंख, शिंगं, शेपूट काही बघत नाही, जुन्या ग्रंथांत त्या देवदूताकडे किंवा सैतानाकडे काम काय होतं आणि तो ते कसं करायचा एवढंच बघते, आणि मग तसं काम कुठल्या सिरीजमध्ये कोण करतंय ते हुडकते. शेवट फोडणार नाही, मधलं थोडंफार फुटेल, चालवून घ्या.

प्रश्न: ताई, मी क्विझमध्ये गॅब्रिएल आले. मैत्रीण म्हणाली मग गॅब्रिएल ड्रॉपआउट बघ. बघितलं तर ती मुलगी दिवसभर गेम खेळते, खोलीत कचरा, शाळेला दांडी. मी अशी अजिबात नाहीये!! आमच्या ग्रुपमध्ये दोघींचं बोलणं बंद आहे आणि दोन महिने इकडचा निरोप तिकडे मीच करतेय. मला चुकीचा अ‍ॅनिमे मिळालाय का?
निरोपी

अगं, नुसतं नाव सारखं म्हणून सिरीज जुळत नसते. २०१७ ची ती १२ भागांची सिरीज मुळात उलट्या गणितावर उभी आहे. देवदूतांच्या शाळेत पहिली आलेली गॅब्रिएल माणसांचा अभ्यास करायला पृथ्वीवर येते आणि ऑनलाइन गेमच्या नादाला लागून कामातून जाते, आणि तिची डेमन मैत्रीण विग्नेट मात्र घर आवरते, अभ्यास करते, सगळ्यांची काळजी घेते, वर सैतानी कामं करत नाही म्हणून त्या बिचारीचा महिन्याचा खर्च कापला जातो. हसायला मस्त आहे, बघून टाक, पण तू त्यात असलीस तर विग्नेट आहेस.

खरा गॅब्रिएल कोण, तर निरोप आणणारा. दानीएलला दिसलेल्या दृष्टान्ताचा अर्थ सांगायला तोच येतो, मरीयेला येशूच्या जन्माची बातमी तोच देतो, आणि इस्लाममध्ये हाच जिब्रील, पैगंबरांपर्यंत कुराण पोचवणारा. पण तो साधा पोस्टमन नाहीये हां. म्हाताऱ्या जखऱ्याला तो सांगतो की तुला मुलगा होणार, आणि जखऱ्या म्हणतो हे खरं कशावरून, तर गॅब्रिएल त्याला सुनावतो की मी देवासमोर उभा राहणारा आहे, आणि मूल होऊन त्याचं नाव ठेवेपर्यंत त्या माणसाची वाचा बंद करून टाकतो. निरोप्याचंही डोकं फिरतं, हा भाग मला फार आवडतो. तूही दोन महिन्यांनंतर त्या दोघींची वाचा बंद केलीस तर मी तुला दोष देणार नाही.

तुझी सिरीज म्हणजे व्हायोलेट एव्हरगार्डन, २०१८, क्योटो अ‍ॅनिमेशन, १३ भाग. युद्धात हत्यारासारखी वापरलेली मुलगी, दोन्ही हात धातूचे, ती युद्ध संपल्यावर लोकांची पत्रं लिहून द्यायचं काम धरते. सुरुवातीला तिच्याकडून प्रेमपत्र लिहून घ्यावं तर ते लष्करी रिपोर्टसारखं बाहेर पडतं, कारण समोरचा जे बोलतो तेच ती लिहिते, त्याला म्हणायचं काय होतं ते नाही. तू निरोप कसा नेतेस, जसाच्या तसा की जरा धुऊन पुसून? बघताना हा प्रश्न डोक्यात ठेव. आणि दहावा भाग एकटीने बघ, आईशी भांडण झालेलं असेल त्या दिवशी तर नकोच.

प्रश्न: अ‍ॅनिमेवाल्यांना एंजलचं काय वावडं आहे? मला खरंच चांगला, शांत, दयाळू देवदूत बघायचाय, आणि जिथे बघावं तिथे एंजल म्हणजे व्हिलन, आळशी, नाहीतर शहरावर कोसळणारा राक्षस. डेमन मात्र कष्टाळू आणि गोड. माझा स्वभाव सरळ आहे, मग मी बघू काय?
सरळमार्गी

तुझं निरीक्षण बरोबर आहे. द डेव्हिल इज अ पार्ट-टाइमर, २०१३ ची, १३ भाग, त्यात दुसऱ्या जगातला सैतान टोकियोत येऊन पडतो आणि बर्गरच्या दुकानात पार्टटाइम नोकरी करतो, त्याचं स्वप्न काय तर पर्मनंट होणं. त्याचा सेनापती घरी बसून काटकसरीने संसार चालवतो. आणि त्याच सिरीजमधला देवदूत सारिएल? बाईवेडा.

याचं एक कारण साधं आहे, जपानमध्ये ख्रिश्चन लोक साधारण एक टक्का. तिकडच्या लेखकाला गॅब्रिएल किंवा मायकल हे नाव घरातलं नाहीच, ते बाहेरून आलेलं सुंदर कापड आहे, हवं तसं कापावं आणि शिवावं, कोणी रागावत नाही. इव्हॅन्जेलियनच्या टीममधल्या काझुया त्सुरुमाकी यांनी तर मोकळेपणाने सांगून टाकलंय की ते क्रॉसबिस आम्ही दिसायला भारी दिसतात म्हणून घेतले. शिवाय त्या सिरीजमधल्या ज्या अवाढव्य प्राण्यांना इंग्रजीत एंजल म्हणतात त्यांना जपानीत ‘शितो’ म्हणतात, शितो म्हणजे प्रेषित, येशूच्या बारा शिष्यांना वापरतात तो शब्द. देवदूत म्हणजे ‘तेन्शी’, तो शब्द वेगळा. मजा म्हणजे सिरीजमध्येच कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर इंग्रजीत एंजल असं लिहून येतं, म्हणजे गोंधळ त्यांनीच आवडीने घातलाय.

पण सरळमार्गी, एक उलटी गोष्ट सांगू का, जुन्या ग्रंथांतले देवदूत काही गोडगोड नाहीत. यहेज्केलला दिसलेली ती चाकात चाकं आणि सगळीकडे डोळे, यशयाने पाहिलेले सहा पंखांचे सराफीम, दोन पंखांनी तोंड झाकलेलं, दोनांनी पाय आणि दोनांनी उडायचं. उगाच नाही देवदूत आले की पहिलं वाक्य बहुतेक वेळा ‘भिऊ नका’ असतं. त्या हिशोबाने इव्हॅन्जेलियनमधला तो हवेत तरंगणारा निळा अष्टफलक रामिएल मला गालावर खळी असलेल्या गुटगुटीत बाळापेक्षा जास्त खरा देवदूत वाटतो. (ही सिरीज १९९५-९६ ची, २६ भाग, शेवटचे दोन बघून डोकं धरून बसाल, सगळेच बसतात.)

तुला हवाय तो शांतपणा हायबाने रेन्मेईमध्ये आहे. २००२, फक्त १३ भाग, योशितोशी आबे यांची गोष्ट. मोठ्या कोशातून मुलं जन्मतात, आधीचं काही आठवत नाही, पाठीतून राखाडी पंख फुटतात आणि फुटताना चांगलंच रक्त येतं, डोक्यावरचं तेजोवलय साच्यात घडवलेलं असतं आणि ते नीट बसत नाही म्हणून राक्का नावाच्या मुलीचे केस त्याला चिकटून उभे राहतात. भिंतीआड गाव, जुने कपडे, मिळेल ते काम. ही मुलं देवदूत आहेत असं कोणी कुठेच म्हणत नाही आणि तेच बरं आहे. पहिले चार भाग काहीच घडत नाही असं वाटेल, तरी सोडू नकोस.

प्रश्न: मी सातही पापं करतो. सकाळी आळस, दुपारी खादाडपणा, संध्याकाळी दुसऱ्यांचे फोटो बघून मत्सर. सात सैतानांपैकी माझा कोण ते ठरेना. एकच सिरीज सांगा ज्यात सगळे असतील.
सप्तपापी

फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड. ६४ भाग, २००९-१०, बोन्स स्टुडिओ. मुद्दाम ब्रदरहूड म्हणतेय, कारण २००३ ची ५१ भागांची जी आधीची सिरीज आहे तिच्यात पापांची वाटणी वेगळी आहे, तिथे किंग ब्रॅडली हा गर्व आहे आणि इथे तो क्रोध, दोन्ही एकामागोमाग बघितल्यास तर भंजाळशील.

आता तुझे सात. जी यादी सगळीकडे फिरते ती पीटर बिन्सफेल्ड नावाच्या जर्मन बिशपची, १५८९ ची: गर्वाचा ल्युसिफर, लोभाचा मॅमन, वासनेचा अ‍ॅस्मोडियस, मत्सराचा लेव्हायथन, खादाडपणाचा बील्झेबब, क्रोधाचा सेटन आणि आळसाचा बेल्फेगोर. हा गृहस्थ चेटकिणींवरच्या खटल्यांचा मोठा समर्थक होता, म्हणजे आपण हसतखेळत ज्याच्या क्विझ देतो तो तक्ता तसल्या माणसाच्या टेबलावर तयार झालाय, हे कळल्यापासून मला ती यादी जरा जपूनच हातात घ्यावीशी वाटते. मॅमन तर मुळात सैतानही नव्हता, ‘संपत्ती’साठीचा अरामी शब्द, देवाची आणि धनाची एकाच वेळी चाकरी होत नाही या वाक्यातला. लोकांनी पुढे त्याला शिंगं लावली.

फुलमेटलमध्ये मला आवडतं ते हे की तिथे पाप म्हणजे नुसतं लेबल नाही. आळसाला, म्हणजे स्लॉथला, अख्ख्या देशाखालून बोगदा खणायचं काम दिलंय, तो खणतो आणि कुरकुरतो, कुरकुरतो आणि खणतो, सगळ्यात आळशी माणसाच्या बोकांडी सगळ्यात मोठं काम. (ऑफिसात काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.) क्रोध म्हणजे किंग ब्रॅडली, आणि तो कधी ओरडत नाही, हसतमुख, मिशीवाला, सभ्य, आणि म्हणूनच तो आला की खोलीतली हवा बदलते. लोभी ग्रीड सगळं मागतो, पैसा, बायका, सत्ता, जग, आणि त्याला नक्की काय हवं होतं ते त्याला फार उशिरा कळतं. मत्सराबद्दल मी मुद्दाम काहीच बोलत नाही, तू सांगितलेल्या फोटोंच्या सवयीमुळे एन्व्हीचा शेवट तुला लागणार आहे.

फक्त बेल्फेगोरच हवा असेल, म्हणजे आळशी पण डोकेबाज, तर ह्योका बघ. २०१२, २२ भाग. त्यातल्या ओरेकीचं तत्त्व म्हणजे करायची गरज नसेल ते करायचं नाही आणि करावंच लागलं तर पटकन उरकायचं. मग शेजारी चितांडा येऊन बसते आणि डोळे मोठे करून म्हणते मला याची उत्सुकता आहे, आणि तत्त्व गेलं खड्ड्यात.

प्रश्न: आम्हा दोघा मित्रांची पैज लागलीय. तो म्हणतो खरा ल्युसिफर म्हणजे डेथ नोटचा लाइट, मी म्हणतो कोड गियासचा लेलूश. निकाल तू दे ताई. हरणारा पुढचा महिनाभर दुसऱ्याच्या असाइनमेंट लिहिणार आहे.
दोघं भांडखोर

असाइनमेंटचं ओझं माझ्यावर टाकता होय रे! बरं. ल्युसिफर हे नाव आलं कुठून ते आधी बघू. यशयाच्या चौदाव्या अध्यायात बाबेलच्या राजाची टिंगल आहे, की हे पहाटेच्या ताऱ्या, तू आभाळातून कसा पडलास, तू मनात म्हणत होतास की माझं सिंहासन मी देवाच्या ताऱ्यांच्याही वर नेईन. हिब्रूतल्या त्या ताऱ्याला लॅटिन भाषांतरात ल्युसिफर म्हटलं, म्हणजे उजेड आणणारा, शुक्राचा तारा, आणि पुढे तेच सैतानाचं नाव होऊन बसलं. म्हणजे ल्युसिफरची खूण ही की तो स्वतःला वर नेऊन बसवतो आणि त्याला त्यात चूक काही दिसतच नाही.

आता लाइट बघा. हुशार पोरगा, पहिला नंबर, नावाचा अर्थच उजेड, ज्यात नाव लिहिलं की तो माणूस मरतो अशी वही त्याला सापडते आणि पहिल्याच भागात तो नव्या जगाचा देव व्हायचं ठरवतो. त्याला कोणी फसवलेलं नाही. वहीचा मालक शिनिगामी, म्हणजे मृत्युदेव, र्यूक हा सैतान म्हणून तर नालायकच म्हणायला हवा, तो मोह दाखवत नाही, सौदा करत नाही, कंटाळा आला म्हणून वही खाली टाकली आणि आता सफरचंद खात बघत बसलाय. वर स्पष्ट सांगून टाकतो की वही वापरणारा माणूस स्वर्गातही जात नाही आणि नरकातही. इतका प्रामाणिक सैतान मी दुसरा पाहिला नाही.

लेलूशचं उलटं आहे. तो सौदा करतो, सी.सी. नावाच्या गूढ मुलीकडून ताकद घेतो, हाकलून दिलेला राजपुत्र आहे, बापाविरुद्ध बंड करतो, वरवर बघितलं तर सगळा ल्युसिफरचाच साचा. पण आपण काय करतोय, कोणाचं वाटोळं करतोय हे त्याला ठाऊक असतं. लाइट सैतान होतो आणि स्वतःला देव समजतो, लेलूश सैतानाचा मुखवटा चढवतो आणि तो मुखवटा आहे हे विसरत नाही. तेव्हा निकाल लाइटच्या बाजूने. असाइनमेंट तू लिही. पण डेथ नोटचे ३७ भाग संपल्यावर दोघांनी मिळून कोड गियासचे दोन्ही सीझन बघा, २५ आणि २५, कारण सिरीज म्हणून मला विचाराल तर शेवट लेलूशचाच भारी आहे.

प्रश्न: नमस्कार. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सध्या स्वतःला सैतानाचा पुत्र म्हणवून घेतो आणि ‘डेमनवाला अ‍ॅनिमे’ दाखव म्हणून मागे लागलाय. त्याच्या मोठ्या मावसभावाने डेव्हिलमॅन क्रायबेबी सुचवलाय. दाखवू का?
एक आई

नको! मावसभावाचा कान धरा. डेव्हिलमॅन क्रायबेबी १० भागांची, २०१८ ची, मोठ्या माणसांसाठी जबरदस्त सिरीज आहे, पण हिंसा आणि नग्नता दोन्ही भरपूर, मी स्वतः शेवटच्या भागानंतर दोन दिवस नीट बोलत नव्हते.

तुमच्या मुलासाठी वेलकम टू डेमन स्कूल, इरुमा-कुन आहे. आईबापांनीच सैतानाला विकून टाकलेला साधाभोळा मुलगा, आणि तो सैतान निघतो नातवासाठी आसुसलेला आजोबा, तो याला सैतानांच्या शाळेत घालतो जिथे आपण माणूस आहोत हे कोणाला कळू द्यायचं नाही. वर्गातल्या मुलांची नावं शलमोन राजाच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या ७२ सैतानांच्या जुन्या यादीतून उचललेली आहेत, त्यामुळे तुम्हाला बाजूला बसून यादी काढून जुळवत बसता येईल, मी तेच केलं. सैतानाचा पुत्रच हवा असा हट्ट असेल तर ब्लू एक्झॉर्सिस्टचा रिन आहे, पण तो अजून दोनेक वर्षांनी, आणि आधी तुम्ही स्वतः दोन भाग बघून घ्या.

प्रश्न: मी रुग्णांची देखभाल करण्याच्या कामात आहे. रात्रपाळ्या असतात. लोक बरे होऊन जातात, निघताना नाव विचारतात आणि विसरतात, ते ठीकच आहे. क्विझमध्ये राफाएल आला. मारामारीचं काही नको, डोळे आधीच थकलेले असतात.
रात्रपाळी

तुमच्यासाठीची जोडी जुळली तेव्हा मला फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. राफाएल म्हणजे ‘देव बरे करतो’. त्याची मुख्य गोष्ट तोबीतच्या पुस्तकात आहे, जे कॅथलिक बायबलमध्ये असतं आणि प्रोटेस्टंट बायबलच्या मूळ पुस्तकांत धरत नाहीत. तोबीत आंधळा झालाय, त्याचा मुलगा तोबियास लांबच्या प्रवासाला निघतो आणि राफाएल खोटं नाव सांगून वाटाड्या म्हणून त्याच्यासोबत चालायला लागतो. बरोबर एक कुत्रा पण असतो, त्याचं कथेत काही काम नाही, तो नुसता बरोबर चालतो. वाटेत पकडलेल्या माशाच्या पित्ताने शेवटी म्हाताऱ्याचे डोळे बरे होतात, बापलेक त्याला आणलेल्या संपत्तीतला अर्धा वाटा देऊ करतात, आणि तेव्हा तो खरं नाव सांगतो आणि निघून जातो.

आता मुशीशी बघा. २००५-०६ ची, २६ भाग. गिन्को नावाचा पांढऱ्या केसांचा, एका डोळ्याचा माणूस पाठीवर औषधांची पेटी घेऊन गावोगाव फिरतो. मुशी म्हणजे डोळ्यांना सहसा न दिसणारे, प्राणी ना वनस्पती असे जीव, ते कोणाच्या कानात शिरतात, कोणाच्या स्वप्नात, आणि ते सैतान नसतात, ते फक्त जगत असतात आणि त्यात माणसाचं नुकसान होतं. गिन्को जमेल तेवढं बरं करतो. एका जागी राहिला तर मुशी त्याच्याभोवती जमतात म्हणून त्याला थांबताच येत नाही, आणि सगळेच काही बरे होत नाहीत, हेही ती सिरीज लपवत नाही. प्रत्येक भाग स्वतंत्र आहे, रात्रपाळीवरून आल्यावर एकच बघा आणि झोपा, आवाजसुद्धा हलकाच आहे त्यातला.

प्रश्न: ताई मला लाज वाटतेय. अ‍ॅस्मोडियस आला. वासनेचा सैतान! मी तर लग्नातसुद्धा रडतो, नवरीकडचा नसलो तरी. क्विझ बिघडलीय ना?
लाजाळू

क्विझने चुकून बरोबर उत्तर दिलंय. हो, तोबीतच्या पुस्तकातला अ‍ॅस्मोडियस भयानकच, सारा नावाच्या मुलीचे सात नवरे तो एकेक करून लग्नाच्या रात्रीच मारतो. पण ज्यूंच्या तालमूद या ग्रंथात तो वेगळाच भेटतो. शलमोनाला मंदिराच्या कामासाठी त्याची माहिती हवी असते म्हणून त्याला दारू पाजून बेड्या घालून आणतात, आणि वाटेत तो एका आंधळ्याला रस्त्यावर आणून सोडतो, एका दारुड्यालाही, आणि पुढे लग्नाची वरात दिसते तर रडायला लागतो! का, तर त्या नवऱ्याचे तीसच दिवस उरलेत हे त्याला दिसत असतं. मग चांभाराला सात वर्षं टिकतील असे जोडे मागणारा माणूस बघून हसतो, कारण त्या माणसाकडे सात दिवसही नसतात. वरातीत रडणारा सैतान, म्हणजे तूच की रे.

तुझी सिरीज फ्रीरेन, २०२३, पहिला सीझन २८ भाग. हजार वर्षांच्या वर जगलेली एल्फ, तिला दहा वर्षांचा प्रवास म्हणजे चिमूटभर वेळ, आणि बरोबरचा माणूस म्हातारा होऊन गेल्यावर तिला रडू येतं की आपण याला ओळखून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. हे पहिल्याच भागात आहे, त्यामुळे मी काही फोडलं नाही. गंमत अशी की यात रडणारी एल्फ आहे आणि यातले डेमन मात्र अजिबात प्रेमळ नाहीत, ते माणसाची भाषा फक्त फसवण्यासाठी शिकलेत. एक डेमन मुलगी ‘आई’ म्हणते, त्यांच्यात आई हा प्रकारच नसताना, कारण तो शब्द उच्चारला की माणसं मारायची थांबतात एवढं तिला कळलेलं असतं. गोड डेमनची सवय झालेल्यांनी हा भाग मुद्दाम बघावा.

आता थोडी भराभर.

‘जुनी चूक दुरुस्त करायला आवडेल’ म्हणणारा, तुझा युरिएल. एज्राला तो म्हणतो, मला आगीचं वजन करून दे, वारा मोजून दे, नाहीतर गेलेला दिवस परत बोलावून दाखव. स्टाइन्स गेट, २०११, २४ भाग, त्यात मोबाइल आणि मायक्रोवेव्ह जोडून नेमकं हेच तिसरं करायला जातात. पहिले दहा-बारा भाग सोसावे लागतील.

सगळ्यांना सगळं शिकवत सुटणारी, तू अझाझेल. हनोखच्या पुस्तकात दोनशे देवदूत खाली उतरतात, त्यातला हा माणसांना तलवारी, ढाली आणि डोळ्यांत घालायचं काजळ असं सगळं बनवायला शिकवतो आणि शिक्षा भोगतो. डॉक्टर स्टोन बघ, दगड झालेल्या जगात सेंकू शून्यातून विज्ञान उभं करतो, अगदी साबणसुद्धा. इथे शिक्षा नाही, टाळ्या आहेत.

मायकल आलेल्या चौघांनी तलवारवाला अ‍ॅनिमे मागितलाय. चित्रांमध्ये मायकलच्या एका हातात बऱ्याचदा तराजू असतो, आत्मे तोलायचा. डेथ परेड, २०१५, १२ भाग: एका बारमध्ये नुकतेच मेलेले दोघं येतात, मेलोय हे त्यांना आठवत नसतं, बारटेंडर त्यांना खेळ खेळायला लावतो आणि न्याय देतो. तलवार नाही, रुसू नका.

आणि डेमन स्लेयरबद्दल विचारणाऱ्या सगळ्यांना एकत्रच: त्यातले डेमन म्हणजे ‘ओनी’, जपानी लोककथांतले राक्षस, ते या यादीत बसतच नाहीत. सैतानासाठीचा जपानी शब्द ‘अकुमा’, आणि त्यातलं ‘मा’ हे बुद्धाला अडवायला आलेल्या ‘मारा’वरून आलंय. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळ्यांचंच डेमन होतं आणि मग मला अशी पत्रं येतात.

शेवटचं पत्र.

प्रश्न: मी कोणालाच नाही म्हणू शकत नाही. कोणी मदत मागितली की हो, कोणी फॉर्म पुढे केला की सही, अटी न वाचता. सगळे म्हणतात तू अगदी एंजल आहेस. मला वाटतं माझ्यासारखीला एखादा गोड, रंगीबेरंगी, मैत्रिणी-मैत्रिणींचा अ‍ॅनिमे बरा पडेल?
हो-हो

मॅडोका मॅजिका. २०११, १२ भाग. गोड आहे, रंगीबेरंगी आहे, मैत्रिणी आहेत, पांढरा गुबगुबीत मांजरासारखा एक प्राणी आहे, तो म्हणतो तुझी कुठलीही एक इच्छा पूर्ण करतो, फक्त माझ्याशी करार कर. तो खोटं बोलत नाही, फक्त कोणी न विचारलेलं सांगत नाही.

पहिले तीन भाग सलग बघ आणि मग मला पत्र लिही. दोन बघून लिहू नकोस.